लिथियमच्या गोळ्या बंद करून सर्पगंधा सुरू केली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय, मिस्टरांना दीड वर्ष लिथियम चालू आहे, हात थरथरतात, आणि नात्यातलं कुणीतरी सारखं म्हणतंय, "ही केमिकलं सोडा, सर्पगंधा द्या, आपल्या मातीतली आहे." ते 'नात्यातलं कुणीतरी' वाचलं आणि डोळ्यांसमोर माझे काका उभे राहिले. एरवी मी इथे नुसती वाचून जाते.

नाही, चालणार नाही.

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी उन्मादात चढतं, कधी खोल उदासीत उतरतं. आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहायचो. लिथियमवर तो वर्षभरात मार्गी लागला, छापखान्यात कामाला जायला लागला. त्रास दोनच. चहा बशीत सांडायचा, आणि सारखी तहान लागायची, म्हणून रात्री तीनदा तरी उठणं. संडास गॅलरीच्या पार टोकाला, त्यामुळे त्याचं उठणं अख्ख्या मजल्याला कळायचं. त्याला त्याचीच लाज जास्त वाटायची.

काका चिपळूणहून गणपतीला आले, त्याचा हात बघितला आणि आईला म्हणाले, "वहिनी, पोराला विष घालताय." जाताना सर्पगंधेच्या चूर्णाची पुडी देऊन गेले. लिथियम त्याच दिवशी बंद. डॉक्टरांना विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मीही गप्प बसले, ते अजून सलतं.

पहिले पंधरा दिवस काका जिंकले. हात थांबला, तहान गेली, भाऊ हसायला-बोलायला लागला. आईने फोन करून काकांचे आभार मानले. खरं तर तो बरा होत नव्हता, वर चढत होता, पण बायपोलरची चढण सुरुवातीला तब्येत सुधारल्यासारखीच दिसते. तिसऱ्या आठवड्यात झोप दोन तासांवर आली. मग एका दुपारी दादरहून टॅक्सी भरून तो ११ प्रेशर कुकर घेऊन आला, मजल्यावर घरटी एक वाटायला. पैसे कुठून आणले, तर आईच्या पाटल्या गहाण टाकून. शेजारच्या आजींनी कुकर परत आणून दिला आणि आमच्या दारातच रडल्या.

काकांना फोन लावला तर म्हणाले, चूर्ण दुप्पट करा. केलं. नाक चोंदलं, दिवसभर गुंगी, बिछान्यातून उठला की घेरी. डोकं तरीही सुटलेलंच. शेवटी दवाखान्यात भरती करावं लागलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही देताय का?" आम्ही म्हणालो, नाही. दोन दिवसांनी मीच चूर्णाची पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली. पुढचे तीन महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. ते चूर्णामुळे की आजाराच्या उतरणीमुळे, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येईना. काका बघायला आले नाहीत.

मग मी वाचायला लागले. ज्ञानाची हौस वगैरे काही नाही, काकांना तोंडावर उत्तर द्यायचं होतं. पण वाचल्यावर कळलं की काका अगदीच हवेत बोलत नव्हते. सर्पगंधेला बिहारकडे 'पागल की दवा' म्हणतातच. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडाच्या झटक्यांवर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असं लिहिलं होतं. १९४९ मध्ये आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. हे वकील परळच्या केईएम रुग्णालयातले, म्हणजे आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावरचे! पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा या औषध कंपनीत सर्पगंधेच्या मुळीतून रेसरपीन हे तिचं गुणकारी द्रव्य वेगळं काढलं गेलं. आणि अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी मनोरुग्णांवर सर्पगंधा वापरल्याची बातमी वर्तमानपत्रातून न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलच्या नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचली.

या क्लाइनसाठीच मी काकांशी भांडले. मुळी गुणकारी आहे असं पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात एवढ्यावर तो थांबला नाही. भरती असलेल्या रुग्णांना औषध देऊन, कोण शांत झालं, कुणाला काय त्रास झाला, हे टिपून १९५४ मध्ये छापलं. १९५७ मध्ये क्लाइन आणि वकील दोघांनाही लास्कर हा अमेरिकेतला वैद्यकशास्त्राचा मोठा पुरस्कार मिळाला. सर्पगंधेची पारख झाली ती अशी, आणि त्याच पारखीत तिची खोटही दिसली. मेंदूतल्या पेशी डोपामिन, सेरोटोनिन वगैरे द्रव्यं साठवून ठेवतात, रेसरपीन ती कोठारंच रिकामी करतं. म्हणून माणूस निवतो, रक्तदाब उतरतो, आणि काही जण खोल उदासीत गेल्याच्याही नोंदी आहेत. क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं मिळाल्यावर मनोविकारांसाठी रेसरपीन मागे पडलं, त्यात याचाही वाटा होता. त्यात कुणाचा कट नव्हता. बायपोलरच्या माणसाला, ज्याची उदासीची बाजू आधीच नाजूक, त्याला हे चूर्ण चमच्याने द्यायचं?

आणि 'केमिकल' म्हणाल तर लिथियम हे जमिनीतून निघणारं खनिज आहे, क्षार. त्याच १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केडने ते उन्मादाच्या रुग्णांना दिलं. नैसर्गिकच हवं असेल तर घरात आहेच की.

गेल्या मे महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नात काका पंक्तीत शेजारीच बसले. जेवण झाल्यावर खिशातून बीपीची गोळी काढली, अ‍ॅम्लोडिपिन. मी विचारलं, "काका, सर्पगंधा खरी गाजली ती बीपीवर, तीही मुंबईत. मग ही केमिकल कशाला?" म्हणाले, "बीपीचं वेगळं असतं गं," आणि वाढप्याला मठ्ठा आणायला सांगितलं.

मी डॉक्टर नाही, बँकेत असते. सगळे वैद्य काकांसारखे नसतात हेही कबूल. लिथियम गरीब औषध आहे असंही नाही. किडनी आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं, आणि काहींना ते सोसतच नाही. तेव्हा डॉक्टर दुसरं देतात. पण एकाएकी बंद केलं तर आजार उलटायचा धोका पहिल्या काही महिन्यांतच जास्त असतो. आयुष्यभर घ्यावं लागेल का, हे तुम्ही विचारलंय. माझ्या भावाचं चालू आहे, तुमच्या मिस्टरांचं त्यांचे डॉक्टर सांगतील.

थरथरीचं मात्र लगेच बघा. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मध्ये (mmol/L या मापात) ठेवतात, १.५ च्या वर विषबाधेची भीती. अंगदुखीला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं, जुलाब झाले, मुंबईच्या उन्हात घाम गेला, आषाढीला निर्जळी उपवास केला, की पातळी चढते. हात फार थरथरायला लागले, ओकाऱ्या झाल्या, जीभ जड झाली, चालताना झोक जायला लागला, तर तडक कॅज्युअल्टीत न्या. तसं काही नसेल तर पातळी तपासायची चिठ्ठी या आठवड्यातच मागून घ्या. रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं असतं, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त देऊन झाल्यावरच. आमचं पहिल्यांदा हे चुकलं होतं, चाचणी फुकट गेली.