वाचकांचे प्रश्न : धोका गाडीचा की चालवणाऱ्याचा?

प्रश्न : माझा एकवीस वर्षांचा मुलगा सुपरस्पोर्ट (शर्यतीच्या गाडीच्या धर्तीची, अतिशय वेगवान) मोटारसायकल घेण्याचा हट्ट धरून बसला आहे. मी स्वतः तीस वर्षे साधी मोटारसायकल चालवत आहे. खरा धोका गाडीत असतो की चालवणाऱ्यात?

उत्तर : हे दोन धोके वेगळे काढणे अवघड आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार, नोंदणीकृत गाड्यांच्या प्रमाणात पाहिल्यास सुपरस्पोर्ट चालवणाऱ्यांचा मृत्युदर इतर मोटारसायकलस्वारांच्या जवळपास चौपट होता. मात्र या गाड्या प्रामुख्याने तरुण आणि वेगाची आवड असलेली मंडळीच घेतात, त्यामुळे सगळा दोष इंजिनाच्या माथी मारता येत नाही. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे गणित मात्र कोणत्याही गाडीला लागू आहे. हेल्मेटमुळे अपघातग्रस्त स्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी घटते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात आढळले आहे. मुलाने आधी कमी ताकदीची, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडी वापरावी, असे मला वाटते. आणि (राग नसावा) तीस वर्षांचा अनुभव तुम्हालाही पूर्ण कवच देत नाही, कारण वाढत्या वयात तोच आघात शरीराला अधिक महागात पडतो.