मेकॅट्रॉनिक्सची डिग्री संपत आली आहे. पहिल्या नोकरीसाठी मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कोडिंग यांपैकी आधी काय पक्कं करू?

इलेक्ट्रॉनिक्स. मी ऑटोमेशनमध्ये काम करतो, फ्रेशर्सच्या मुलाखतीही घेतो, त्यावरून सांगतो. कोडिंग घरी बसून शिकता येतं आणि मेकॅनिकलमधली गडबड निदान डोळ्यांना दिसते. करंट मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायचा हात बऱ्याच जणांना बसलेलाच नसतो.

माझा मुलाखतीतला आवडता प्रश्न: मोटर सुरू केली की मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो, काय कराल? बहुतेक जण थेट कोडमध्ये शिरतात. सुरू होताना मोटर एरवीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. सप्लाय कमजोर असेल तर व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि ब्राउन-आउट सर्किट (व्होल्टेज फार खाली गेल्याचं ओळखणारं) कंट्रोलरला रीसेट करतं. साध्या मल्टिमीटरवर हे सहसा कळतही नाही. ऑसिलोस्कोपचा (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब थेट कंट्रोलरच्या सप्लाय पिनवर धरा, सिंगल ट्रिगर लावा, म्हणजे व्होल्टेज पडतानाचा तेवढा क्षण टिपला जाईल, मग मोटर सुरू करा. "आधी सप्लाय बघतो" एवढं म्हणणारासुद्धा माझ्या लेखी निम्मा पास.

मल्टिमीटरही काही कमी कामाचा नाही म्हणा. कॅन बस (कंट्रोलर्सना एकमेकांशी बोलायला जोडणारी दोन तारांची लाइन) नीट चालत नसेल तर सप्लाय बंद करून दोन्ही तारांमधला रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम यायला हवा, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेशन रेझिस्टर असतो आणि ते पॅरललमध्ये मोजले जातात. १२० आला तर एक टर्मिनेशन गायब आहे किंवा मध्ये कुठेतरी तार तुटली आहे.

प्रोजेक्ट एकच करा, पण तडीस न्या. लाइन फॉलोअर (रेषेवरून चालणारा रोबो) नको, तो प्रत्येकाच्या रेझ्युमेत असतो. गिअरबॉक्सवाली डीसी मोटर घ्या, एन्कोडर (फिरलेला कोन मोजणारा सेन्सर) आउटपुट शाफ्टवर बसवा आणि शाफ्ट ठरलेल्या कोनावर थांबवा. पीआयडी (कोनातली चूक बघून मोटर सावरणारा कोड) लायब्ररीतून उचलू नका, स्वतः लिहा. गिअरमध्ये बॅकलॅश (दात्यांमधली ढिलाई) असेल तर पीआयडीमधला इंटिग्रल भाग वाढवल्यावर शाफ्ट जागेवर न थांबता मागेपुढे करत राहील. इथे मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कोड तिन्ही एकदम गळ्यात पडतात, आणि नोकरीत रोज हेच असतं. जमलं की किकॅड या सर्किट डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा बोर्ड काढा. सॉफ्टवेअर फुकट आहे.

नोकरीच्या वाटा ढोबळमानाने दोन. प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपनीत जायचं तर सी भाषा, मायक्रोकंट्रोलर, पीसीबी (सर्किट बोर्ड). कारखान्याच्या ऑटोमेशनमध्ये जायचं तर पीएलसी (यंत्रं चालवणारा कारखान्यातला कंट्रोलर), लॅडर लॉजिक (त्याची चित्ररूप भाषा), ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं युनिट) आणि २४ व्होल्टचं वायरिंग. तिथल्या सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर का असतो, हे समजून घ्या: शून्य रीडिंगलाही ४ मिलिअँपिअर वाहतो, त्यामुळे खरोखर ० आला की तार तुटल्याचं लगेच कळतं. सुरुवातीला कुठलीही एकच वाट धरा, दुसरी नंतर शिकता येते.

रेझ्युमेत सॉफ्टवेअरच्या नावांची जंत्री नको. त्या मोटरच्या प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं, कुठे प्रोब लावला आणि काय दिसलं, हे स्कोपच्या फोटोसकट एका पानात लिहा. मुलाखतीत मी तरी त्यावरच बोलेन.