जग सोडलेल्या ख्रिस्ती तपस्व्यांना राजकारणात वजन कसं आलं?

तुम्ही विचारलंय की इजिप्त-सीरियातले सुरुवातीचे ख्रिस्ती तपस्वी घरदार सोडून वाळवंटात गेले, मग त्यांच्या वैराग्यात राजकारण कुठून शिरलं? माझ्या मते ते त्या सोडण्यातूनच आलं. ज्याला पद नको, पैसा नको, त्याला सम्राट देणार काय आणि त्याच्याकडून हिरावून घेणार काय?

इ.स. ३८७ मध्ये सीरियातल्या अँटिओक शहरात नव्या करावरून दंगल पेटली. लोकांनी रोमन सम्राट थिओडोसियसचे आणि त्याच्या घरच्यांचे पुतळे पाडले. चौकशीला दोन बडे अधिकारी आले, धरपकड सुरू झाली. तेव्हा आसपासच्या डोंगरांतले तपस्वी शहरात उतरले. त्यांतल्या मॅसिडोनियसला ना अक्षरओळख, ना ग्रीक येत होती. त्याने भर रस्त्यात एका अधिकाऱ्याचा झगा धरला आणि दोघांनाही घोड्यावरून खाली उतरायला लावलं. मग आपल्या सिरियाक बोलीत सुनावलं की सम्राटाला सांगा, पुतळे पुन्हा ओतता येतील, पण मारलेल्या माणसाचा एक केसही तुम्हाला घडवता येणार नाही. शेवटी शहराला माफी मिळाली. त्यात शहराचा बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रमुख, फ्लेव्हियन याच्या रदबदलीचा वाटा मोठा होता, हेही खरं. पण अधिकाऱ्याला असं रस्त्यात अडवायची छाती दुसऱ्या कुणाची झाली असती?

हे वजन बिशपांनी हेरलं नसतं तरच नवल. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियस, येशूला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियसच्या पंथाशी झगडताना पाच वेळा परागंदा झाला, आणि ३५६ नंतर लपला तो या तपस्व्यांच्याच आसऱ्याला. इजिप्तच्या वाळवंटातला नामांकित तपस्वी अँटनी याचं चरित्र त्याने लिहिलं. त्यातला अँटनी एरियसवाद्यांवर तुटून पडतो आणि बिशपांपुढे मात्र मान लववतो. त्या पुस्तकातली भक्ती मला मनापासून खरी वाटते, पण ते एका पक्षाच्या पुढाऱ्याने ऐन लढाईत लिहिलंय, हे विसरून वाचू नये.

सरकारलाही हे लोक जड जात होते. नगरसभेची जबाबदारी टाळून इजिप्तमधल्या तपस्व्यांत जाऊन बसलेल्यांना ओढून परत आणा, असा कायदा सम्राट व्हॅलेन्सच्या काळात झाला. ३९० मध्ये थिओडोसियसने संन्याशांना शहरबंदी केली, ती दोनच वर्षांत उठवली. ४५१ मध्ये कॅल्सिडनला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने तर त्यांना सरळ बिशपांच्या ताब्यात दिलं: परवानगीशिवाय मठ बांधायचा नाही, बाहेरच्या कारभारात लुडबुड करायची नाही. आणि ४५७ च्या सुमारास सम्राट लिओने याच परिषदेबद्दल साम्राज्यातल्या बिशपांचा कौल मागवला, तेव्हा त्याने सीरियात खांबावर राहणाऱ्या शिमोनलाही पत्र धाडलं.