आजोबांच्या टेपरेकॉर्डरवर टेप लूप जमेल का?

जमेल. टेप लूप म्हणजे टेपच्या तुकड्याची टोकं जोडून केलेलं कडं, त्यावर तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजतो. पण आधी मशीनच्या आतला रबरी बेल्ट बघा. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरी माळ्यावरून काढलेल्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट डांबरासारखा वितळला होता, दोन दिवस बोटं काळी.

मग पाच स्क्रूंची रिकामी कॅसेट घ्या. चिकटवलेली नको, ती उघडताना फुटते. टेप सेकंदाला 4.76 सेंटीमीटर धावते, म्हणजे 24 सेंटीमीटरच्या तुकड्याचा साधारण पाच सेकंदांचा लूप. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून ब्लेडने तिरकी कापा, नाहीतर जोडावर टक्‌ असा आवाज येतो. चिकटपट्टी कायम मागच्या बाजूला, हेडला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाला, टेप घासते त्या बाजूला कधीच नाही. कॅसेटमध्ये बसवताना लूप फार ताणला तर सूर डगमगतो, सैल राहिला तर मशीन टेप गिळतं. माझे पहिले तीन गिळलेच.

खरी मजा जुना आवाज पुसणाऱ्या इरेज हेडवर जाडसर पट्टी लावल्यावर. जुनं फारसं पुसलं जात नाही, आवाजावर आवाज चढत जातो. मी कुकरची शिट्टी आणि तानपुरा असा थर दिला होता. शेजारच्या काकूंनी गॅस बंद करायला सांगितला.

पावसाळ्यात ठाण्याच्या दमटपणाने टेपवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट लावूच नका, हेड खराब होतं.