काकूंना आठवत नव्हतं की ऐकू येत नव्हतं?

"मॅडम, मला विसरायला व्हायला लागलंय. खरं सांगा, ही त्या आजाराची सुरुवात आहे का?" समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या काकूंनी खुर्चीत बसता बसताच विचारलं. वय ६६. पुण्यातल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेलं. पावकी-निमकी अजून तोंडपाठ.

लेक स्टुटगार्टला, जावई जर्मन. विहीणबाईंना जर्मनशिवाय दुसरी भाषा येत नाही. आधीच्या खेपेला दोघी स्वयंपाकघरात तासभर नुसत्या एकमेकींकडे बघून हसत बसल्या होत्या. म्हणून यंदा काकूंनी तिथेच चार आठवड्यांचा जर्मनचा वर्ग लावला. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, त्यात तो आरामात बसत होता.

नवव्या दिवशी वर्ग सोडला. बाकी सगळी पोरं विशी-पंचविशीतली. शिक्षिकेने सांगितलेला शब्द पाच मिनिटांनी विचारला की यांची पाटी कोरी. एकदा स्टेशनवर कर्ण्यावरून फलाट दोन सांगितला, या तीनवर जाऊन उभ्या. गाडी डोळ्यांदेखत गेली. "आई, या वयात कशाला डोक्याला ताप?" लेक काळजीनेच म्हणाली, पण काकूंनी ते मनाला लावून घेतलं.

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. शिक्षिकेनेच पुन्हा बाकावर बसायचं, लहानांसमोर चुकायचं, त्याची लाज वगैरे. धागा अगदीच खोटा नव्हता, म्हणून मीही तो ओढत राहिले. काकू मान डोलवत होत्या. (त्यातलं त्यांना किती ऐकू आलं, कोण जाणे.)

तिसऱ्या भेटीत मी पाठमोरी होऊन पाणी ओतता ओतता विचारलं, "चहा घेणार की सरबत?" वर पंखा, बाहेर रिक्षांची पोंपों. काकू म्हणाल्या, "हो ना, परवाच जाऊन आले." मी वळून तोच प्रश्न समोरून विचारला. लगेच उत्तर आलं, "सरबत."

"घरी टीव्हीचा आवाज कोण मोठा करतं?"

"मीच. हे ओरडतात त्यावरून."

कानाची तपासणी करून घ्यायला सांगितलं. दोन्ही कानांत वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येत होते. वयोमानाने बहुतेकांचं असंच होतं. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, ट यांसारखी व्यंजनं पुसट होतात. समोरचा बोलतोय हे कळतं, शब्द सुटे होत नाहीत. मराठीत पुसटलेली जागा आपण संदर्भावरून भरून काढतो, इतकी पटकन की आपल्याला पत्ताही लागत नाही. नव्या भाषेत भरायला गाठीशी काहीच नसतं. जर्मनमध्ये दोन म्हणजे 'त्स्वाय' आणि तीन म्हणजे 'द्राय'. सुरुवातीचं व्यंजन गेलं की दोन्ही सारखेच! जो शब्द कानात नीट शिरलाच नव्हता, तो पाच मिनिटांनी आठवणार कुठून?

वयाचा काहीच परिणाम नसतो, असं मी म्हणणार नाही. शब्द आठवायला वेळ लागतो, उजळणी जास्त लागते. पण नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणं, मराठीतच तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, रोजच्या पैशांच्या हिशोबात घोळ होणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. काकूंमध्ये यातलं काहीच नव्हतं. उलट माझी फी त्यांनी दर वेळी सुट्या पैशांसकट मोजून दिली.

मग एक गंमत निघाली. काकू जर्मन आकडे इंग्रजीतून लावत होत्या. 'फ्युन्फ-उंट-फिर्त्सिश' ऐकलं की इंग्रजीसारखं आधी ऐकलेलं ते दशक धरायच्या आणि ५४ लिहून मोकळ्या व्हायच्या. मी म्हटलं, "काकू, शब्दशः ते पाच आणि चाळीस. पंचेचाळीस. एकक आधी, आपल्यासारखंच." काकू क्षणभर गप्प, मग स्वतःवरच चिडल्या. "तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं की मी!" नामांची लिंगंही तीनच, तो-ती-ते. अर्थात कशाला कोणतं ते पाठच करावं लागतं, पण ती कल्पना तरी परकी नाही.

श्रवणयंत्राला काकांचा विरोध होता, "लोक काय म्हणतील" छाप. काकूंनी तो टीव्हीच्या भांडणात मिटवला. पुढच्या खेपेला पहिल्याच दिवशी त्यांनी शिक्षिकेला सांगितलं, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि पुढचा बाक धरला. रोजचे दहाच शब्द. वही मिटून आठवायचे, अडलं तरच उघडून बघायची.

मागच्या महिन्यात त्यांचा निरोप आला. विहीणबाईंनी फोन करून चहाला बोलावलं होतं आणि वेळ सांगताना दोनला 'त्स्वाय' न म्हणता 'त्स्वो' म्हणाल्या. हा कुठला नवा शब्द, म्हणून काकूंनी लेकीला विचारलं. फोनवर त्स्वाय आणि द्राय यांत तिथल्या लोकांचाही गोंधळ होतो, म्हणून ते तसंच म्हणतात.

"म्हणजे मॅडम," पुढे लिहिलं होतं, "फलाट तीनवर मी एकटीच नव्हते तर."