चिंक्वे तेर्रे पायी फिरायला किती दिवस ठेवावेत? एक दिवस पुरतो का?

एका दिवसात पाचही गावं 'बघून' होतात, पण चालणं राहून जातं. निदान तीन दिवस काढाच. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरची ही गावं जोडणारी 'निळी पायवाट' नावाची वाट जेमतेम १२ किलोमीटरची आहे, पण चढउताराने दम काढते.

मोंतेरोस्सो ते व्हेर्नाझ्झा हा टप्पा मला सगळ्यात आवडतो. साडेतीन किलोमीटरला दोन तास सहज जातात. वाटेच्या कडेचे बांध जवळून बघा: चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. शेकडो वर्षं शेतकऱ्यांनी असेच बांध रचून डोंगरउतारावर द्राक्षं पिकवली. १९९७ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलं ते या राबत्या डोंगरालाही.

कोर्निलिया कड्यावर आहे, स्टेशनपासून सुमारे ३८० पायऱ्या. पुढे मानारोलाला वोलास्त्रा या डोंगरावरच्या वाडीमार्गे, द्राक्षमळ्यांतून जा. लांब पडतं, पण समुद्र पूर्ण दिसतो.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर गाठा. पक्क्या तळाचे बूट हवेतच. दरडींमुळे वाटा बंद होतात, म्हणून निघण्याआधी राष्ट्रीय उद्यानाची सूचना पाहा. पाय थकले तर प्रत्येक गावात रेल्वे आहेच.