लेन्स विकली गेली, पण पैसे अजून तुमचे झालेले नाहीत

प्रश्न: नोकरी सांभाळून गेली दोन वर्षं मी कॅमेऱ्याच्या जुन्या मॅन्युअल लेन्स दुरुस्त करून ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकतो. महिन्याला साधारण ८ जातात. गेल्या महिन्यात माझी सगळ्यात महागडी लेन्स एका ग्राहकाने ‘वर्णनाप्रमाणे नाही’ असं कारण देऊन परत पाठवली. खोकं माझंच होतं, आत मात्र बुरशी धरलेली वेगळीच लेन्स. पार्सल मला पोचल्याची नोंद बघून प्लॅटफॉर्मने त्याला पूर्ण पैसे परत दिले आणि माझं अपील दोन ओळींत निकाली काढलं. आता निवृत्त होणारे एक दुरुस्तीकार त्यांच्याकडच्या ६० लेन्सचा लॉट देऊ करत आहेत. लॉट आणि सुटे भाग मिळून माझ्या बचतीतला ८ महिन्यांचा घरखर्च जाईल, १ महिन्याचा उरेल. विक्रीच्या १०० मागे खरेदी आणि सुटे भाग ६०, प्लॅटफॉर्म व पेमेंटचं शुल्क १३, पॅकिंग-कुरिअर ९, हाती १८ उरतात. लॉट घेऊन नोकरी सोडावी का?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मलाही चीड आली. आपल्याच हाताने साफ केलेली वस्तू कुणीतरी लाटावी आणि वर आपणच खोटे ठरावं, हे मनाला लागतंच. पण पत्रात तुम्ही ती घटना एका बाजूला ठेवलीत आणि लॉटचा हिशेब दुसऱ्या बाजूला. हे दोन्ही एकाच वहीत मांडायला हवं. मी मांडून पाहिलं. नोकरी सोडू नका आणि पूर्ण लॉट घेऊ नका. त्यातल्या १५ लेन्स घ्या.

तुमचेच आकडे घेऊ. ६० लेन्सचा खर्च म्हणजे ८ महिन्यांचा घरखर्च. १०० मागे खर्च ६० आणि नफा १८, म्हणून सगळ्या ६० लेन्स एकही तक्रार न येता विकल्या गेल्या तरी नफा सुटतो २.४ महिन्यांच्या घरखर्चाइतका. महिन्याचं घर नुसत्या नफ्यावर चालवायचं तर दरमहा २५ लेन्स विकाव्या लागतील. आज ८ जातात. तुम्ही साफसफाईला बसता त्या रात्रींची मजुरी यात धरलेलीच नाही.

आता त्या परत आलेल्या खोक्याची किंमत. अशा एका व्यवहारात तुमची लेन्स गेली, ६०. पाठवणावळ गेली, ९. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हटलं की परतीचं कुरिअरही विक्रेत्याच्या माथी येतं, आणखी ९. एकूण ७८. शुल्काचे १३ परत मिळाले असं मी धरलंय, पण ते नेहमी मिळतीलच असं नाही. उदाहरणार्थ, पेपॅल ही ऑनलाइन पेमेंट सेवा परतावा दिल्यावरही मूळ व्यवहाराचं आपलं शुल्क ठेवून घेतं. हे ७८ भरून काढायला पाच लेन्स नीट विकल्या जाव्या लागतात. २० मध्ये एक व्यवहार असा फसला तर दर लेन्समागचा सरासरी नफा १८ वरून १३ च्या आसपास येतो, आणि घर चालवायला २५ ऐवजी ३४ लेन्स लागतात.

मोठ्या विक्रेत्यालाही हाच फटका बसतो, फक्त त्याला तो जाणवत नाही. महिन्याला १०,००० वस्तू विकणाऱ्याकडे परताव्याचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं. तो ते किमतीत मिसळतो आणि पुढे जातो. तुमच्या ८ लेन्समध्ये एखादा महिना कोरा जाईल, एखाद्या महिन्यात दोन दावे येतील, आणि त्यातला एक सगळ्यात महागड्या लेन्सवर असेल. खरेदीदाराला दिलेली हमी म्हणजे एक विमाच आहे, पण त्याचा दावा तुमच्या खिशातून भागतो आणि हप्ता तुम्हाला कुणी देत नाही.

ही हमी मुळात वाईट नाही, हेही मनापासून सांगतो. अनोळखी माणसाकडून न पाहिलेली जुनी लेन्स कुणी घेतो ते त्या हमीच्या भरवशावरच. ती नसती तर लोक फक्त मोठ्या नावांकडे गेले असते. माझा आक्षेप तिच्या कलण्यावर आहे. वस्तू नुसती आवडली नाही म्हणून परत करायची तर बहुतेक ठिकाणी कुरिअरचा खर्च खरेदीदाराचा, आणि दोष दाखवला तर विक्रेत्याचा. म्हणजे प्रामाणिकपणे ‘मन बदललं’ म्हणणारा पदरचे पैसे भरतो आणि खोटं कारण लिहिणाऱ्याचे वाचतात. शिवाय निर्णय देणारा कर्मचारी ती लेन्स हातात घेऊन बघत नाही. त्याला दिसते ती ट्रॅकिंगची नोंद. पार्सल पोचलं, पैसे द्या. आत काय होतं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. मे २००८ पासून ईबे या मार्केटप्लेसवर विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल नकारात्मक शेरा देता येत नाही. सूड म्हणून वाईट शेरे देणारे विक्रेते तेव्हा खरंच होते आणि त्यांना आवर घालणं गरजेचं होतं. पण त्याबरोबर सवयीने फसवणाऱ्या ग्राहकाची खूण पटवायचं साधनही गेलं.

तुमच्या निर्णयासाठी यापेक्षाही महत्त्वाची आहे ती मुदत. ईबेवर साधारणपणे ३० दिवस, ॲमेझॉनच्या ए-टू-झेड हमीत डिलिव्हरीच्या शेवटच्या अंदाजित तारखेनंतर ९० दिवस, पेपॅलवर १८० दिवस खरेदीदार दावा करू शकतो. पेपॅलच्या विक्रेता-संरक्षणात ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हा दावा बसतच नाही. चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे खरेदीदाराने परत मागणं, वेगळा; तो बँकेमार्फत येतो आणि त्यालाही काही महिन्यांची मुदत असते. सहा महिन्यांची मुदत धरली तर आजच्या वेगानेही कुठल्याही दिवशी तुमच्या ४८ लेन्स ‘अजून परत येऊ शकतात’ अशा अवस्थेत असतील. ते पैसे खात्यात दिसतात, त्यातून तुम्ही किराणा भरता, पण ते पक्के झालेले नसतात. नोकरी सोडलीत तर घर याच कच्च्या पैशांवर चालेल.

कधीकधी तर ते खात्यात दिसतही नाहीत. २०२३ मध्ये एट्सी या हस्तकलेच्या वस्तूंच्या मार्केटप्लेसने अनेक छोट्या विक्रेत्यांच्या रकमेतले ७५ टक्के ४५ दिवस राखून ठेवले होते, परताव्यांची तरतूद म्हणून. ज्यांच्याकडे वेगळी गंगाजळी नव्हती त्यांना पुढच्या ऑर्डरचा कच्चा माल घेणंही जड गेलं. पूर्ण लॉट घेतलात तर तुमच्याकडे एकाच महिन्याचा खर्च असेल. ४५ दिवस त्यात बसत नाहीत.

म्हणून १५. त्याला बचतीतून दोन महिन्यांचा घरखर्च लागेल, सात महिन्यांचा शिल्लक राहील, आणि त्याला व्यवसायासाठी अजिबात हात लावायचा नाही. उरलेल्या ४५ लेन्सबद्दल दुरुस्तीकारांशी मोकळेपणाने बोला: टप्प्याटप्प्याने द्याल का, किंवा माझ्याकडे ठेवाल का, विकेल तसे पैसे देईन. निवृत्त होणाऱ्या माणसाला आपला माल जाणकाराच्या हाती जातोय याचंही समाधान असतं, त्यामुळे विचारायला संकोच करू नका. ते नाही म्हणाले आणि लॉट गेला, तर जाऊ द्या. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर तो घेऊ नका. दावा आला तरी हप्ता थांबत नाही.

१५ निवडताना मधल्या किमतीच्या घ्या. एखादी अगदी महागडी मिळालीच तर ती प्लॅटफॉर्मवर टाकू नका. फोटोग्राफीच्या ओळखीच्या वर्तुळात, समोरासमोर, घेणाऱ्याला काचेतून टॉर्च मारून पाहू द्या आणि तिथेच व्यवहार पुरा करा. भाव थोडा कमी आला तरी चालेल.

वेगळं बचत खातं उघडा. त्यात आधी दोन मोठ्या दाव्यांपुरते पैसे टाका आणि पुढे प्रत्येक विक्रीचे ५ टक्के. दाव्याचे पैसे त्यातूनच जातील. मुदत संपलेल्या विक्रीचाच नफा घरी आणायचा.

पॅकिंगचा व्हिडिओ एका सलग शॉटमध्ये घ्या. पुढच्या रिंगवरचा सिरियल नंबर, ॲपर्चरची पाती, टॉर्चच्या उजेडातली काच, मग खोकं, सील, लेबल आणि वजनकाट्यावरचा आकडा. परत आलेलं पार्सलही कॅमेरा चालू ठेवूनच फोडा, आणि टेप कापण्याआधी परतीच्या लेबलवरचं वजन वाचून दाखवा. वेगळी लेन्स आली तर ग्रॅममध्ये फरक दिसतो, आणि तो आकडा कुरिअर कंपनीच्या नोंदीतही असतो, तुमच्या एकट्याच्या शब्दावर राहत नाही. माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्याला बसणाऱ्या भागाच्या, आतल्या एखाद्या स्क्रूवर फक्त तुम्हाला ओळखता येईल अशी खूण करून तिचा फोटो ठेवा. याने प्रत्येक अपील जिंकाल असं नाही, पण रिकाम्या हाताने तर जाणार नाही. कुरिअरच्या विम्यावर मात्र विसंबू नका. वाटेत हरवलेल्या-फुटलेल्या मालासाठी तो असतो, अदलाबदलीला तो सहसा लागू होत नाही.

‘मन बदललं’ म्हणून केलेले रिटर्नही खुशाल स्वीकारा. विचित्र वाटेल, पण सरळ मार्ग उघडा असला की बऱ्याच लोकांना खोटं कारण लिहायची गरजच उरत नाही.

वर मी २० मध्ये एक हा आकडा फक्त हिशेब दाखवायला धरला. तुमचा खरा आकडा तुमच्याकडेच आहे. दोन वर्षांच्या जवळपास २०० विक्रींचं स्टेटमेंट काढा आणि परतावे मोजा. वाईट शेरा टाळायला तुम्ही गुपचूप परत केलेले छोटे छोटे पैसेही त्यात धरा, ते लोक हमखास विसरतात. दुरुस्तीकारांना फोन करायच्या आधी हे करा. आकडा ५० मध्ये एक किंवा त्याहून बरा निघाला, तर पहिल्या १५ लेन्सची दाव्याची मुदत संपल्यावर मला पुन्हा लिहा. पुढच्या १५ चं तेव्हा बघू.